ओवाळणीतला साबण

पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळलं आणि त्यानं ताटात साबण ठेवला. दुकानातला नव्हे, स्वतः बनवलेला. दिवाळीच्या चकल्या तळून उरलेल्या तेलाचा. हिरवट, कडा खचलेला, मध्ये तुळशीची पानं अडकलेली आणि वरून माझ्याच जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली. मला तेव्हा पाचवा महिना होता आणि नाक नको तितकं तिखट झालं होतं. जळकं तेल, ओवा आणि ते झाकायला ओतलेलं अत्तर असा काही एकत्र वास आला की ताट त्याच्या हातात कोंबून मी बेसिनकडे पळाले.

"काहून, आवडला नाही का?" तो दाराबाहेरून विचारत होता. "प्लॅस्टिकचा एक कण नाही त्याच्यात. आठवडाभर तुझ्यासाठी करून राहिलो मी."

"वास येऊन राहिला त्याचा."

"नॅचरल आहे तो."

हे खूळ त्याच्या डोक्यात वर्षभरापासून होतं. वाढदिवसाला त्यानं बिया घातलेल्या कागदाचं ग्रीटिंग दिलं होतं. मातीत लाव, झेंडू येईल, म्हणाला. आली ती बुरशी, पांढरी आणि केसाळ. मग वाळक्या गिलक्याची अंगघासणी आली. तिच्यातून पहिल्याच दिवशी अळी निघाली, तीही माझ्या पाठीवर. करवंटीतल्या मेणबत्त्या तर इतक्या झाल्या की देवघरात देवांना जागा उरली नाही. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, काय हौशी नवरा आहे, आमच्यांना बायकोचा वाढदिवससुद्धा आठवत नाही. मी दात दाखवून हसायची.

खरं सांगायचं तर वस्तूंची किळस मी सहन केली असती. मला त्या माणसाची किळस येऊ लागली होती.

आम्ही दोघं यवतमाळकडचे, कॉलेजातली ओळख, नोकरीसाठी छत्तीसगडात आलेलो. मी नवा रायपूरला एका कार्यालयात, तो सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिजापासून लोखंड करणाऱ्या कारखान्यात, तिथल्या पर्यावरण विभागात. त्याला जवळ पडावं म्हणून घर बीरगावला घेतलं. इथं सकाळी गच्चीवर गेलं की काळी भुकटी पसरलेली असते. कठड्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर. अनवाणी फिरलं की तळवे तव्यासारखे काळे होतात. एका उन्हाळ्यात आई आली होती, तिनं हौसेनं कुरडया घातल्या. वर पातळ लुगडं पांघरलं तरी सकाळपर्यंत कुरडयांवर तीळ पेरल्यासारखं झालं. आई टाकू देईना, म्हणून आम्ही त्या तळून खाल्ल्या. दाताखालची ती करकर अजून आठवते.

ती भुकटी कुठून येते हे मला नवऱ्यानंच सांगितलं होतं. चिमणीला धूळ पकडणारी एक मोठी मशीन असते. ती वीज फार खाते. दिवसा धूर लोकांना दिसतो म्हणून ती चालू ठेवतात आणि अंधार पडला की बंद करतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो जेवायला बसला की याच्यावर भडकायचा, पोळी तशीच राहायची. मला तेव्हा त्याचा कोण अभिमान होता! पुढं हळूहळू त्याचं भडकणं थांबलं. मशीन रात्रंदिवस चालू असते असं लिहिलेल्या कागदावर तोच सही करायला लागला. आणि त्याच सुमाराला घरात करवंट्या जमायला लागल्या.

त्या पाडव्याला मी तोंड धुऊन बाहेर आले. खोकला मला दिवाळीआधीपासूनच होता आणि धुळीपासून जपा, असं डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच सांगितलं होतं. मी म्हटलं, "हा साबण नको मले. ओवाळणी द्यायची तर एक दे. रात्रीची मशीन चालू ठेव. बाळ होईपर्यंत तरी."

त्याला आधी वाटलं मी गंमत करते आहे. मग म्हणाला, "वेडी झाली का तू? माझ्या हातात थोडी आहे ते! मालक विजेचं बिल पाहते. बोललो तर नोकरी जाते माही."

"एकदा तरी बोलून पाहिलं का?"

तो साबणाची सुटलेली चिंधी पुन्हा बांधत बसला. पुढं तो साबण बेसिनवर आला. मी त्याला हात लावला नाही, तोच वापरायचा आणि मग अख्ख्या घराला चकलीचा वास यायचा.

थंडीत भुकटी आणखी खाली बसते. डिसेंबरात मी खिडक्या उघडणंच सोडलं. तिकडे कारखान्यानं त्याला साहेबांच्या बायकांसमोर उभं करून घरच्या घरी भेटवस्तू बनवायला शिकवायला लावलं. त्याचे फोटो तो मला दाखवायचा. त्यात तो इतका प्रसन्न दिसायचा की मी फोन पालथा ठेवायची.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आई आणि सासूबाई यवतमाळहून आल्या, पाऱ्यातल्या बायका जमल्या. मला फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलं. ओटी भरून झाल्यावर नवरा बांबूची परडी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवली. आत माझ्या मऊ झालेल्या सुती साडीचे दोन मास्क होते. एक मोठा आणि एक माझ्या तळहातापेक्षाही लहान, त्याच्या कोपऱ्यात पिवळं बदक भरलेलं.

"बाळासाठी," तो म्हणाला. "तीन पदर आहेत. हातानं शिवला."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. शेजारची दीदी छत्तीसगढीत कौतुक करत म्हणाली, "हव, कतका सुग्घर बनाय हे भैया ह!"

मी ते एवढंसं फडकं हातात घेऊन बसले आणि मला नवऱ्याची जी शिसारी आली तशी कधी कुणाची आली नव्हती. म्हणजे याला सगळं माहीत होतं. बाळाच्या नाकात काय जाणार आहे हे कळत होतं, म्हणून तर तीन पदर घेतले होते. सही करून घरी यायचं आणि दिवा लावून बदक भरत बसायचं, हे त्याला जमत होतं. अंगावरच्या फुलांचा वासही मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. त्या लहान मास्कनं कठडा पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली येऊन तो नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. बदक कुठं होतं ते दिसत नव्हतं.

"अगं, बाळाचा होता न हा!"

"हो."

त्यानं तो उचलला, बेसिनवर नेला आणि आपलाच साबण लावून चोळायला लागला. काळा फेस आला, घरभर चकलीचा वास सुटला, पण फडकं काही उजळेना. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं. मी आईला हाक मारली आणि कपाटातून बॅग काढली.

"आजच? अन् परत केव्हा येशील?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"रात्रीची मशीन चालू झाली की फोन करजो."

तो मास्क चोळतच राहिला.