कंपनीने कापलेलं नववं गाणं

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर माझ्याबद्दल तुमचं जे काही बरं मत असेल, ते काही टिकायचं नाही. असा गाढवपणा केलाय मी! आणि तोही गुपचूप नाही, चारचौघांत, उभं राहून, हातवारे करून.

नव्वदच्या दशकात आम्ही कॉलेजात होतो आणि हार्ड रॉकने आम्हाला झपाटलं होतं. नाशकात तेव्हा इंग्रजी कॅसेटी मिळायच्या कुठे? कुणाचा तरी मामेभाऊ मुंबईहून एखादी ओरिजिनल आणायचा. मग ती घरोघर फिरायची आणि जो तो कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचा. कव्हर नाही, गाण्यांची नावं नाहीत. कोण काय गातंय ते आपणच ठरवायचं.

आमचा मिलिंद, म्हणजे मिल्या, दिंडोरीकडचा. घरी द्राक्षबाग. शिक्षणासाठी तो आणि त्याची आई पंचवटीत खोली घेऊन राहायचे. त्यानेच मला तो अल्बम भरून दिला. बँडचं नाव सांगत नाही. त्यांचे भक्त अजून नाशकात आहेत आणि मलाही इथेच राहायचंय. दोन गाजलेल्या अल्बमांच्या मध्ये निघालेला हा अल्बम. गायकाचा आवाज बसलेला, गाणी संथ. सगळ्यांनी नाकं मुरडली. मीही एकदा ऐकला आणि खोक्यात टाकून दिला.

दहाएक वर्षं गेली. मी बँकेत चिकटलो, लग्न झालं, नाशकातल्याच द्वारका चौकाजवळची भाड्याची जागा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सामान लावताना ती कॅसेट हाताला लागली. सहज म्हणून लावली.

आणि खाली बसलो की हो मी! विशीत ज्याला रटाळ म्हटलं होतं, तो दमलेल्या माणसाचा संथपणा होता. ड्रमवाल्याला कसलीच घाई नव्हती. गायकाने ओरडायचं सोडून बोलायला सुरुवात केली होती. आणि शेवटचं, नववं गाणं! शब्द नाहीत, ड्रम नाहीत. नुसती एक गिटार, फाटक्या आवाजाची, अडखळत चाललेली. मध्येच लांबून भोंगा वाजतो. शेवटी कुणा बाईचा पुसट आवाज येतो आणि संपतं. खरं सांगतो, डोळे भरून आले.

बायको पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, हा कुकर कुणाचा वाजतोय?"

"कुकर नाही गं! गिरणीचा भोंगा आहे. इंग्लंडातल्या कामगारांच्या वस्तीतली पोरं होती ती."

"मला तर डाळ शिजल्याचा वास आला बाई."

आता अशा माणसाशी रॉकवर काय बोलायचं?

मी लगेच सीडी आणली. बघतो तर आठच गाणी! तडक दुकान गाठलं.

"साहेब, आठच आहेत. मागे छापलंय ना," दुकानदार म्हणाला.

"छापलं कुणी? कंपनीनेच ना?"

"मग काय मी छापणार?"

मुंबईहून दुसरी सीडी मागवली. तिच्यावरही आठच! मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीने ते गाणं कापलं होतं! जगाने या अल्बमला नावं ठेवली, कारण जगाला अल्बम पुरता ऐकायलाच मिळाला नव्हता. आणि पुरता अल्बम होता कुठे? नाशकात, माझ्या कपाटात! हे मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. पासबुक भरायला आलेल्या एका आजोबांनाही सांगितलं. ते बिचारे "बरं, बरं" म्हणत राहिले.

शेवटी एका रविवारी जुन्या मित्रांना घरी बोलावलं. संजू आला. मिल्या दिंडोरीहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. पदवी घेऊन तो केव्हाच बागेत परतला होता. त्याच्या दोन वर्षं आधी त्याची आई गेली, तेव्हापासून त्याचं नाशकात येणंही कमी झालं होतं.

मी उभा राहिलो. अर्धा तास बोललो! रॉकमध्ये याच्या तोडीचं काही झालेलं नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. मग ते गाणं लावलं आणि वाजतानाही माझं तोंड चालूच.

"हा फाटका आवाज ऐका, मुद्दाम फाडलाय! हा भोंगा ऐका! आणि आता ही बाई येते बघा. ही कोण आहे? ही त्या वस्तीतली प्रत्येक आई आहे!"

"नाय रे," मिल्या म्हणाला. "माझीच आई हाय ती."

मला वाटलं, भावनेच्या भरात बोलतोय. पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझे हात हवेतच राहिले.

"कॅसेटला जागा उरली व्हती," तो हळूच म्हणाला. "रिकामी टेप कोण ठेवतं? मीच वाजवलं. स्पीकर फाटका व्हता. आईनं वरण लावलं व्हतं, ती मला जेवायला बोलावतीय."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मित्र म्हणून वाहवा केली असती. मला खरं ऐकायचं व्हतं. मग तूच म्हणालास, शेवटी ते कोण कुंथतंय? मी गिटार मामाच्या पोराला देऊन टाकली."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"परत लाव," मिल्या म्हणाला. "आईचा आवाज कुठंच नाय माझ्याकडं. फोटो हायेत, आवाज नाय."

मी लावलं. बायकोने पुढे होऊन पंखा बंद केला. संजूने खिडकी लावून घेतली. ती हाक आली तेव्हा मिल्याने डोळे मिटून घेतले. मग पुन्हा लावलं, आणि पुन्हा. कॅसेट काढून मी त्याच्या हातात दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

जाताना दारात चप्पल घालता घालता त्याने विचारलं, अगदी कॉलेजातल्या पोरासारखं लाजत, "खरंच एवढं चांगलं हाय का रे ते?"

बघा हं. अर्धा तास ज्याला मी जगात तोड नाही म्हणत होतो, तेच गाणं. बोलायचं होतं फक्त एक "हो". पण इंग्लंडचा बँड गेला आणि समोर आमचा मिल्या उभा राहिला. मी चष्मा नीट केला आणि म्हणालो,

"म्हणजे… त्या मानाने बरंय."