उजवा म्हणताना डावा

माझ्या ताईला रस्ता विचारण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. ती डावीकडे म्हणाली की उजवीकडे वळायचं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भावोजी गाडी चालवताना ती सांगेल त्याच्या नेमकं उलट वळतात आणि वेळेवर पोहोचतात. संसारही असाच चालवता का, असं मी एकदा विचारलं, तर ते आरशातून माझ्याकडे बघून नुसतेच हसले. बोलायची त्यांची छाती झाली नाही, कारण ताई शेजारीच बसली होती.

हे खूळ तिला जन्मापासूनचं नाही, नोकरीतून लागलंय. ती बालवर्गाची बाई. साडेतीन-चार वर्षांची पोरं तिच्याकडे तोंड करून उभी असतात आणि ती करेल तसं करतात. तिने स्वतःचा उजवा हात वर केला, तर समोरची पोरं त्याच बाजूचा, म्हणजे त्यांचा डावा हात वर करणार. म्हणून ती तोंडाने ‘उजवा’ म्हणते आणि हात डावा उचलते. वर्षानुवर्षं दिवसभर हेच केल्यावर तिच्या अंगाला दुसरं काही येईनासंच झालं. गाडी शिकवायला आलेल्या माणसाने तर तिच्यापुढे हात जोडले.

तिच्या वर्गात बाक नाही, खुर्ची नाही. मोकळी फरशी, पुठ्ठ्याची मोठी खोकी, एक झिजलेला टायर आणि वाजवायला पत्र्याचा डबा. डबा वाजतोय तोवर फिरायचं, थांबला की ताई सांगेल तिथे जायचं. खोक्यावर, खोक्याखाली, दोन खोक्यांच्या मधे, टायरमधून पलीकडे. मी शेजारीच, शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते. त्या दंग्याने माझं डोकं उठतं, आणि तरी सांगते, शाळेतल्या कुठल्याही शांततेपेक्षा मला तो दंगा आवडतो.

एकदा एक मुलगा रडकुंडीला आला होता. मागे बघायला म्हणून तो वळायचा, की मागचं सगळं पुढे यायचं. “बाई, मागे सापडतच नाही,” म्हणाला. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. ताईने कपडे वाळत घालायचा चिमटा त्याच्या कॉलरला मागून लावला. “मानेला लागतोय ना? तिकडे मागे. आता हवा तेवढा फीर.” पोरगं शाळा सुटेपर्यंत चिमटा मिरवत होतं.

आमच्या शाळेचे नवे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. शिक्षण म्हणजे बूड टेकणं, अशी त्यांची पक्की समजूत. पोरं घरी येऊन काही लिहून दाखवत नाहीत, ही काही पालकांची कुरकुर त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी फर्मान काढलं की बालवर्गात बाकं बसवायची, तीही फरशीत स्क्रू मारून पक्की. ताईने तोंडावर नाही म्हटलं. “मग पालकांसमोर वर्ग घेऊन दाखवा, बघू,” असं ते म्हणाले. बघायचं काहीच नव्हतं, बाकांची ऑर्डर मीच टाईप केली होती. पण ताईला ते सांगूनही तिने मागे हटायचं नाव घेतलं नाही.

शनिवारी पालक मुलांच्या मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. अध्यक्ष मात्र पुढे, ताईच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून, जणू वर्ग तेच घेणार होते. मला टिपणं घ्यायला बोलावलं होतं. ताई म्हणाली, “उजवा हात वर,” आणि तिचा डावा हात वर गेला. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. मुलांचे हात त्यांना स्वतःच्या डाव्या बाजूला दिसले.

“थांबा,” ते म्हणाले. “बाईंचाच हात चुकलाय. आणि या सगळ्या मुलांनीही डावाच वर केलाय. हे शिकवता तुम्ही?”

“माझा हात चुकलाय, कबूल,” ताई म्हणाली. “मुलांचं बघायचं तर त्यांच्या मागे जाऊन उभे राहा.”

“मी कुठे उभं राहायचं ते तुम्ही मला सांगू नका.”

“तेच तर सांगायचं काम आहे माझं.”

मागून एक आजोबा म्हणाले, “बरोबर आहेत की हो हात. माझी नात तर केव्हाची ताठ धरून उभी आहे.” पालकांमध्ये खसखस पिकली. शहाण्या माणसाने इथेच विषय मिटवला असता. अध्यक्षांचे कान लाल झाले.

“हात गेले खड्ड्यात. सोमवारी बाकं येणार. बसवून शिकवायचं नसेल, तर तुम्ही घरी बसा. दुसऱ्या बाई येतील.”

“येऊ द्या बाकं,” ताई म्हणाली. “स्क्रू मारायला फरशी लागेल आणि फरशीवर मी असेन. मला उचलायचं असेल तर माणसं जरा जास्त आणा.”

कुणी खाली घ्या म्हटलं नव्हतं, म्हणून मुलांचे हात अजून वरच होते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “चला ऑफिसात. यांना कामावरून कमी केल्याचं पत्र टाईप करा. आत्ता.”

माझी सगळी नोकरी ‘हो साहेब’ म्हणण्यात गेलेली. त्याच सवयीने माझे पाय दाराकडे वळले, आणि त्या पायांचाच मला भयंकर राग आला. याच खोलीत माझी बहीण दिवसभर पोरांना पाय कुठे टाकायचा ते शिकवते, आणि मी भिंतीपलीकडे बसून फक्त ऐकत आले. मी वही खिडकीत ठेवली, चपला काढल्या आणि मुलांच्या ओळीत जाऊन फरशीवर मांडी घातली.

“ऐकू आलं नाही का?” अध्यक्ष म्हणाले.

“आलं. मी नाही टाईप करणार.”

ते काहीतरी बोलत राहिले, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ताईने पत्र्याचा डबा काखेत घेतला, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि पोरांशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, “ऊठ. या वर्गात कुणी बसत नाही.”