बंबाच्या बदल्यात डायनोसॉर

तांब्याचा बंब देऊन डायनोसॉरचा दात घेणारा कोल्हापुरातला मी पहिला माणूस. दुसरा अजून झालेला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मंगळवार पेठेत राहायचो आणि हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. जीवाश्म कसे ओळखावेत यावरचं एक इंग्रजी पुस्तक वाचनालयातून आणलं होतं आणि ते अर्धं वाचून झालं होतं. (अर्धं वाचलेलं पुस्तक जेवढा आत्मविश्वास देतं, तेवढा पुरं वाचलेलं देत नाही.) अशा धोकादायक अवस्थेत, एका रविवारी सकाळी जयसिंगपूरकडचे एक शेतकरी दारात उभे राहिले. त्यांचा पुतण्या माझ्या वर्गात होता. त्यांनी धोतराच्या सोग्यातून बोटभर लांबीची, काळपट, टोकाकडे निमुळती होत गेलेली एक वस्तू काढली.

"मास्तर, नदीला घाटाखाली घावलं. दगूड म्हनावं तर दगूड न्हाय. तुमी शिकल्याली मानसं, जरा बघा की."

मी बघितलं आणि धावत आत जाऊन पुस्तक घेऊन आलो. पुस्तकात चित्र होतं, हुबेहूब तसंच!

"पावणं, हा डायनोसॉरचा दात आहे. मांस खाणारा प्राणी. एसटीपेक्षा लांब. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा."

"आमच्या घाटावर?" म्हणत पावणे मटकन पायरीवर बसले.

शेजारचे अब्बासभाई घड्याळं दुरुस्त करायचे. मी त्यांना हाक मारली, तसे ते डोळ्याला भिंग लावूनच आले.

"पुस्तकात काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

"दाताच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते हवेत."

"कडेला? मास्तर, हितं तर अंगभर हायेत."

"म्हणजे जास्तच हिंस्र जात," मी सांगितलं.

"आन् ही एक बाजू घासून गुळगुळीत झाल्या ती?"

"हाडं चावून चावून."

पावण्यांनी स्वतःची मान चाचपून बघितली.

आता शेवटची परीक्षा राहिली. जीवाश्म जिभेला लावला की चिकटतो, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. मी डोळे मिटून दात चाटला. चिकटला! अब्बासभाईंनी तो माझ्या हातातून घेतला, सदऱ्याला पुसला आणि चाटला. "चिकटतंय की ओ. खरा माल हाय." मग त्यांनी तो पावण्यांपुढे धरला. पावणे घुटमळले, पण विज्ञानापुढे त्यांचंही काही चालेना. त्यांनीही चाटला आणि मान डोलावली.

"मग काय घेणार याचं?" मी विचारलं.

पावण्यांची नजर परसात गेली. तिथं आमचा पाणी तापवायचा बंब चिंचेनं घासून लखलखत उभा होता. "लेकीचं लगीन काढलंय मास्तर. असला बंब द्याचा हाय तिला."

तो बंब माझा नव्हता. आमच्या हिला, म्हणजे सुमनला, तो तिच्या आईनं कागलहून दिलेला. आई गेल्यावर माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. पण ती मंडईत गेली होती, आणि एका पारड्यात डायनोसॉर असताना दुसऱ्यात बंब तो काय! अब्बासभाईंनी स्वतः तो उचलून टांग्यात ठेवला. पावणे स्टँडकडे गेले.

सुमन आली तेव्हा मी दात ताम्हनात ठेवून, वर झेंडूचं फूल वाहून बसलो होतो. अब्बासभाई शेजारी होते.

"ओळख बघू काय आहे," मी म्हणालो.

तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "वज्री."

"काय?"

"टाच घासायची भाजक्या मातीची वज्री. बायका आंघोळीला येतात नि घाटावर विसरून जातात. बरीच वापरलेली दिसते. ताम्हनात कशाला ठेवलीय?"

माझ्या डोळ्यांपुढे आधी एक टाच आली. मग दुसरी. मग अख्ख्या घाटावरच्या टाचा, भेगांसकट. अब्बासभाई उठून नळावर गेले आणि बराच वेळ त्यांच्या गुळण्या ऐकू येत राहिल्या.

"आणि अहो, परसात बंब का नाही?"

मी सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, तिचे डोळे भरून आले. "चला स्टँडवर," एवढंच ती म्हणाली आणि ताम्हनातली वज्री उचलून निघाली.

पावणे बंब मांडीवर घेऊन एसटीची वाट बघत बसले होते. सुमननं त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे मास्तर, आपुन सकाळी जे..."

"व्हय," मी म्हणालो.

पावणे उठले, भिंतीकडेला जाऊन मनसोक्त थुंकले आणि परत आले. "वैनी, आईचा बंब म्हनल्यावर न्हाय कसं म्हनू? न्या तुमचा. माझी वज्री तेवढी द्या. घरात बायकू मागतीया कवाची."

सुमननं हात मागे घेतला. "थांबा जरा."

तिनं वज्री उलटसुलट केली, खरखरीत अंगावरून अंगठा फिरवला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. मग चपलेतून पाय काढला आणि भर स्टँडवर टाचेवर एकदा ओढून बघितली. "भाजलीय चांगली," ती म्हणाली. "हल्ली असल्या मिळत नाहीत. मीच ठेवते. बोला, काय घेता?" पिशवीतल्या वांग्यांवर सौदा ठरला.

घरी येताना बंब माझ्या खांद्यावर होता. कोपऱ्यावर आमच्या शाळेची आठवीची अख्खी तुकडी उभी, आणि ही बातमी अब्बासभाईंच्या दुकानातून त्या पोरांपर्यंत माझ्याआधीच पोचलेली. तोंड लपवायला म्हणून मी बंबात डोकं घालून बघितलं. जमत नाही. मधली नळी आडवी येते.