बोअरवेल विरुद्ध रेड्याची टक्कर

भरमाण्णाच्या दुकानात जळक्या तारंचा ढीग पडतो, त्यो भंगारवाला येऊन नेतो. किश्श्यांचा ढीग कोण नेणार? त्यो आमच्याच डोस्क्यात साठत जातो. आणि माझं डोस्कं सध्या तापलंय. त्येला कारण भरमाण्णाच. सांगतो, बसा.

निपाणीत स्टँडाच्या मागं त्येचं मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय. हिरीवरच्या मोटारी, पंखे, स्पीकर, जे जळंल ते तितं येतंय. आयतवारी सकाळी काम बंद आणि आमचा आखाडा चालू. आखाडा गाण्यांचा. गाणी कसली, तर हेवी मेटल आणि हार्ड रॉक. नाक मुरडू नका. आमी म्हातारी झालो म्हणून भजनच ऐकावं असं कुणी ताम्रपटावर लिवलेलं न्हाय.

कुस्तीगत जोड लावायची. एक गाणं ह्येचं, एक गाणं त्येचं. भरमाण्णा पंच. त्यो डोळं मिटून स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवणार, दोन्ही गाणी ऐकणार आणि एकाला म्हणणार, "पडलं." बास. बरोबरीत सोडवायची न्हाय, आणि पंचानं कारण सांगायचं न्हाय. ज्येचं गाणं जिकलं त्येनं स्पीकरला गुलाल लावायचा. त्यो स्पीकर आता मारुतीगत दिसतोय.

पंच आमचा जैन. कांदा खात न्हाय, दिवस बुडाला की जेवत न्हाय, मुंगी दिसली तर वाट वाकडी करतोय. आणि ऐकतोय काय, तर गाणाऱ्याला कोण तरी जित्ता सोलाय लागलंय असलं गाणं! मी एकदा टोचलं, "भरमाण्णा, ह्यात हिंसा हाय रं."

त्यो म्हणला, "मेलं का कोण? मग गप ऐक."

* * *

गाणी आणायचा डुमिंग. त्यो लोंढ्याचा, रेल्वेत गँगमन हुता, आता पेन्शनवर हाय. गोव्याच्या गाडीनं कोण कोण यायचं, त्येंच्याकडनं त्येला कॅसेटी मिळायच्या. आता मोबाईलमधी मिळतात, पण आणल्याचा तोरा अजून तसाच.

गाण्यांची इंग्रजी नावं आमाला वाचाय येत न्हाईत. माझं तर मराठीच चौथीत अडकलंय. मग आमी आमचीच नावं ठेवली. एक सुरू झालं की जमिनीला भोक पडाय लागतंय, ती 'बोअरवेल'. एकात दोन गिटारी शिंगाला शिंग लावतात, ती 'रेड्याची टक्कर'. एक ऐकलं की मानंवर काटा येतोय, ती 'अमावस्या'.

एकदा गल्लीतलं कॉलेजचं सर आलं. त्येंनी आमची नावं ऐकून कपाळाला हात लावला, मोबाईल काढला आणि एकेका गाण्याचा अर्थ सांगाय बसलं. इचारलंतं का कुणी? तर न्हाय. 'अमावस्ये'चा अर्थ निघाला की गाणाऱ्याची बायको माहेरला गेलीया आणि फोन उचलंना झालीया.

डुमिंग तांबडालाल झाला. "सर, एवढी वर्सं मी ह्या गाण्याला भ्यालो. दिवा लावून ऐकलं. आता भ्याव गेलं आणि रडू याला लागलंय. हे कोण भरून देणार?"

सराला चहा पाजून वाटंला लावलं. पण नासलं ते नासलंच. आजबी 'अमावस्या' लावली की डुमिंग म्हणतोय, "न्या बाबा तिला कोण तरी सासरी पोचवा."

* * *

आता डुमिंग हार्ड रॉकवाला आणि मी हेवी मेटलवाला. ह्यावर आमची डोस्की किती फुटायची राहिल्यात, देवाला ठावं. त्यो म्हणणार, हार्ड रॉकमधी माणूस गातोय, तुमच्या मेटलमधी निसतं मशीन वरडतंय. मी म्हणणार, तुझा माणूस गातोय कुठं, आरशात बघून केस इंचरतोय. आणि ह्यो माणूस मला शिकवणार! ज्येला मशीन कुठलं आणि गाणं कुठलं कळत न्हाय त्यो!

कळत न्हाय हे मी दावून दिलं. सदलग्याला पाव्हण्याकडं गेलतो, तितं गुऱ्हाळ चालू हुतं. चरकाचा आणि इंजनाचा आवाज मोबाईलात भरून आणला आणि आयतवारी डुमिंगला म्हटलं, "नॉर्वेचं नवीन मेटल हाय. मशीन हाय का माणूस, सांग."

डुमिंगनं डोळं मिटलं. मान हलवली. म्हणला, "ड्रमवाला गडी बरा हाय. पण गाणारा लाजतोय."

मी हसून हसून खाली बसलो. तवर भरमाण्णानं स्पीकरवरचा हात काढला. "ह्ये गाणं न्हाय. इंजनाचा पट्टा घसरतोय. पाव्हण्याला सांग घट्ट कर म्हणून, न्हायतर आठवड्यात तुटंल."

आठवड्यात तुटला. पाव्हण्याचा फोन आला, त्यो मलाच शिव्या द्याय लागला, सांगिटलं का न्हाईस म्हणून!

* * *

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं आमची तक्रार केली. स्वताची गिरणी दिवसभर खडखडतीया, त्येचं काय न्हाय, आमचं वाजलं की ह्येच्या कानाला तरास! पोलीस आला. तरणा पोरगा, विजापूरकडचा, मराठी कळत नव्हतं. दारात उभा राहून त्येनं पयला सवाल टाकला, "इदु याव भाषे री?" म्हंजे ही भाषा कुठली?

आमच्या सीमाभागात ह्यो सवाल साधा न्हाय. मराठी म्हटलं तर एक भांडण, कन्नड म्हटलं तर दुसरं. भरमाण्णानं कन्नडमधी सांगिटलं, इंग्लिश हाय साहेब, आणि तेबी आमाला कळत न्हाय.

पोराचा जीव भांड्यात पडला. टोपी काढून बसला. त्येला कन्नडमधीच म्हटलं, आलाईस तर एक जोड बघून जा, आज पंच तूच. त्येनं 'बोअरवेल' ऐकली, 'रेड्याची टक्कर' ऐकली, आणि 'टक्कर' पाडली. कारण सांगायचं नसतंय हे त्येला काय ठावं. म्हणला, "दुसरा गाणारा आमच्या साहेबांगत वरडतोय. ड्युटीवर ऐकतो तेवढं बास."

* * *

'रेड्याची टक्कर' डुमिंगची लाडकी. पोलिसानं पाडली म्हणून त्यो माझ्यावर रुसला. माझ्यावर! जणू पोलीस मीच भरती केलता. लोंढ्याला जाऊन बसला आणि आयतवारी याचा बंद. फोन केला तर 'हॅलो'बी म्हणायचा न्हाय, निसता नाकातनं वारा सोडायचा.

मग मी काय केलं, फोन लावला, काय बोललो न्हाय, निसता स्पीकरसमोर धरला आणि 'टक्कर' लावली. पलीकडनं आधी शिव्या आल्या. मला, माझ्या बापाला, भरमाण्णाच्या मोटारीला. मग गप झालं. मला वाटलं ठेवला.

गिटारी शिंगाला लागल्या तवा आवाज आला, "आवाज वाढीव की रं, मुडद्या."

दुसऱ्या आयतवारी पयल्या गाडीनं हजर.

* * *

आता माझं डोस्कं तापलंय त्यावर येतो.

भरमाण्णाला एकच लेक, पद्मा. बेळगावात हापिसात नोकरी करती आणि तितल्या एका बँडमधी ड्रम वाजवती. आमच्या दुकानातच वाढली पोर, दुसरं काय शिकणार? शाळंत असताना ह्याच दुकानात साखळीवरची मोटार निसटून तिच्या पायावर पडली. साखळी भरमाण्णाच्या हातात हुती. पाय जुळला, चालती, पळती, काय कळत न्हाय. भरमाण्णा त्यावर कधी बोलला न्हाय आणि आमी कधी काढलं न्हाय. मोटारी तवापास्नं त्यो साखळीनं उचलत न्हाय, चार माणसं बोलावतोय.

पद्मानं आपल्या बँडचं गाणं आणलं आणि म्हणली, "आप्पा, जोड लावा." जोड लावली 'बोअरवेल'संगं. भरमाण्णानं हात ठेवला, ऐकलं, म्हणला, "पोरीचं पडलं."

पोर हसली. नवीन गाणं बसवून परत आली. परत 'बोअरवेल'. परत पडलं. तिसऱ्यांदा आली तवा हसत नव्हती. पडलं म्हटल्यावर उठली, चहा तसाच ठेवून बेळगावची गाडी धरली.

मी भरमाण्णावर असा भडकलो, असा भडकलो! म्हटलं, लोकाच्या पोरांना गुलाल आणि सोताच्या पोरीला माती? बाप हाईस का कोण हाईस?

"पंचाला घर नसतंय शंकऱ्या."

"मग जेवायला कुठं जातोस रं?"

त्येनं मोटारीत मुंडी घातली.

मग डुमिंगला हाताशी धरलं. पद्माकडनं तिचं सगळ्यात नवीन गाणं मागवलं. तिला सांगिटलं, तूबी ये, दारात उभी राहा, काय बोलू नगंस. ह्या पंचाला कळू दे तरी, त्यो गाणं पाडतोय का लेक पाडतोय. पोर नगं म्हणत हुती. म्हणली, "काका, हे शेवटचं. ह्येबी पडलं तर मी ड्रम इकून टाकणार."

आयतवारी डुमिंगनं पुकारा केला, "फिनलंडचं गाणं हाय. तिकडं लई गाजलंय."

आधी 'बोअरवेल' लावली. मग हे. काय गाणं हुतं म्हणून सांगू! भिंतीवर टांगलेलं पाने-पक्कड हलाय लागलं. गिरणीवाला तक्रार करायला आला आणि उभाच राहिला. मी तर गुलालाची पुडी सोडूनच ठेवली.

भरमाण्णाचा तळवा खोक्यावर हुता. मधीच त्येनं डोळं उघडलं. मग परत मिटलं आणि दुसराबी हात ठेवला. गाणं सपलं तरी हात काढंना.

"पडलं," म्हणला.

माझ्या हातातली पुडी सांडली. "का? कारण सांग! आज कारण सांगितल्याबिगर तुला सोडत न्हाय!"

एवढ्या वर्सांत त्येनं कधी कारण सांगिटलं नव्हतं. त्या दिशी सांगिटलं. "मोठा ढोल पायाखालची पट्टी दाबून वाजवतात. ह्येचा उजवा पाय जरा मागनं येतोय."

डुमिंग अजून फिनलंडातच हुता. म्हणला, "तिकडं थंडी लई असती. आखडत असंल पाय."

कोण हसलं न्हाय. पद्मा दारात खाली बघत हुती, आपल्या उजव्या पायाकडं. भरमाण्णानं मागं वळून बघितलं न्हाय. पोर गेली, तेबी त्येनं बघितलं न्हाय. मी जे तोंडाला आलं ते बोललो आणि म्हटलं, तुझ्या दुकानाची पायरी चढलो तर नाव बदलीन.

* * *

आठवडाभर चढलो न्हाय. मग स्टँडावर गेलतो तंबाखू घ्यायला, तर बेळगावच्या गाडीजवळ भरमाण्णा! दुकान सोडून! हाताला पट्टी, बोटं काळी, आणि काखंत बारदानात बांधलेलं जड गाठोडं. मागं वाकून बघितलं. बारदानाच्या फटीतनं एक लोखंडी पट्टी दिसली, पायाच्या मापाची, खाली मोटारीतली स्प्रिंग बसवलेली, मऊ, बोटानं दाबली तरी दबंल अशी.

म्हटलं, "हे काय रं?"

त्येनं माझ्याकडं पाठ केली. गाठोडं कंडक्टरच्या हातात दिलं. "बेळगावला एक पोरगी न्यायला यील. तिलाच दे."

कंडक्टर म्हणला, "काय हाय ह्यात?"

"पाय हाय. उजवा. हळू ने."

कंडक्टरनं गाठोडं जे दोन्ही हातांनी छातीशी धरलं, ते गाडी स्टँडाबाहेर पडली तरी तिकिटं फाडायचंच इसरला.