छापखान्यात घुम्या

“मशीनला विचारलं तर ते खरं सांगतं, माणसं आधी घाम पुसतात,” असं घुम्या एकदा म्हणाला होता. एरवी तो बोलतच नसे, म्हणून तर हे नाव पडलं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटर. कुणाकडेही गेला की आधी स्वतःची पिशवी टेबलावर उपडी करायचा: स्क्रू-ड्रायव्हर, पेनड्राइव्ह, चष्म्याची तुटकी दांडी. एका गिऱ्हाइकाने तो निघताना त्याची झडती घेतली होती, तेव्हापासून.

त्या सकाळी छापखान्यातला कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, वर पांढऱ्या दोन ओळी, बस्स. बारा वर्षांची कामं आत अडकलेली. नवरा गेल्यापासून छापखाना वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर असे दोघे बघत होते, आणि दीर परवापासून फोन आला की दाराबाहेर जाऊन बोलत होते.

“हे आपोआप झालेलं नाही,” वहिनी घुम्याला म्हणाल्या. “सगळं काढून नेलंय कुणीतरी. एकदा कळू दे, आजच भावजींकडची किल्ली काढून घेते.”

“चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणा, वहिनी,” दीर दारातून म्हणाले. “मी काल सहालाच घरी गेलो. वीस वर्षं इथल्या शाईत हात काळे केलेत मी.”

“काळे आहेत हे मी कुठे नाकारतेय, भावजी?”

घुम्याने पेनड्राइव्हवरून मशीन जागं केलं. फाइली जागच्या जागी होत्या. त्या त्याने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. वहिनी खुर्ची ओढून त्याच्या बोटांवर नजर ठेवून बसल्या. याला तरी कुणी फितवलं नसेल कशावरून?

“काही गेलेलं नाही,” तासाभराने तो म्हणाला. “सिस्टीमची नवी आवृत्ती चढत होती. टक्के दिसतात ना पडद्यावर, तेव्हा. मध्येच वीज तोडली कुणीतरी.”

वहिनींनी खुर्ची मागे सरकवली. काल कुलूप लावताना त्यांनी ते टक्के पाहिले होते. त्रेसष्ट, चौसष्ट. भावजी फाइली बाहेर कुणालातरी पाठवायला लावून गेले, असं वाटून त्यांनी भिंतीतला प्लग खेचून काढला होता. चोर रंगेहाथ पकडल्यासारखं किती बरं वाटलं होतं!

“म्हणजे यांनीच तोडली ना? सांगा की यांच्यासमोर,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

घुम्याने मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर रंग आले. त्याने मशीनच्या नोंदी उघडल्या: काल संध्याकाळी, सात वाजून वीस मिनिटं, वीज अचानक बंद.

त्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांची मान दिसेल न दिसेल अशी हलत होती, नको म्हणून. दीर अजून दारातच उभे होते, खिशातली किल्ली मुठीत धरून.

घुम्याने पडदा दिरांकडे वळवला, सामान गोळा केलं आणि त्यांच्या शेजारून बाहेर पडला.