लहानीच्या नाळेतलं रक्त

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता अजून दोन वर्षं झोप नाही. आनंद, काळजी वगैरे मागाहून आली.

मोठी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेर गेलं की लागतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि अडकतील तिथे असं दुखतं की मोठं माणूससुद्धा जमिनीवर लोळतं. मोठी दीड वर्षाची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली. मला वाटलं, काही चावलं असेल. तपासणी झाली आणि तिच्या हातात लाल कार्ड आलं. मग आम्ही दोघांनी रक्त दिलं, तर आमची कार्डं पिवळी निघाली. पिवळं कार्ड म्हणजे दोष अंगात आहे, पण आजार नाही. नवरा-बायको दोघंही पिवळे असले की प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक शक्यता लाल कार्डाची. आमच्यात लग्न ठरवताना पत्रिका पाहत नाहीत. रक्त पाहायला पाहिजे होतं, तेही कोणी पाहिलं नाही.

मी कामठ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. घर गोंदियाला लागून, कुडव्याला. नवरा राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो, सासूबाई आमच्याजवळच असतात. मोठीचं दुखणं उठलं की कधी मी, कधी तो, असं आळीपाळीनं दवाखान्यात बसायचं. वर्ग सुटला की स्कूटी काढायची आणि घरी जायचं की दवाखान्यात, ते फोन पाहून ठरवायचं. असं साडेचार वर्षं चाललं होतं.

तिसऱ्या महिन्यात आम्ही नागपूरला गेलो. पोटात सुई घालून वारेचा बारीकसा तुकडा काढतात आणि बाळाला आजार आहे की नाही ते सांगतात. रिपोर्ट घ्यायला गेलो त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. नवरा आत गेला, आणि दारातूनच म्हणाला, "पिवळं आहे. पिवळंच आहे." येताना गाडीत मी जी झोपले, ती त्यानं गोंदिया स्टेशनवर हलवून उठवलं तेव्हाच जागी झाले. मला वाटलं, आता या बाळापुरतं तरी संपलं.

सातव्या महिन्यात गोंदियाच्या नर्सिंग होममध्ये नंबर लावून बसले होते. शाळेतून थेट आले होते, पाय सुजले होते, चपला काढून फरशीवर टेकवले होते. एक मुलगी जवळ येऊन बसली. कुठल्याशा कंपनीचा टी-शर्ट, मांडीवर फाइल.

"ताई, कितवा महिना?"

"सातवा."

"बाळाच्या नाळेतल्या रक्ताबद्दल ऐकलं का कधी? नाळ कापली की फेकून देतात. पण त्याच्यात फार कीमती चीज असते. एक बार जमा करून ठेवलं की बाळाला पुढे कामी येते."

तिनं फाइल उघडली. गोरंपान बाळ, हसणारे आईबाप. मला ती गप्प व्हायला हवी होती, म्हणून मी म्हणाले, "माझ्या मोठ्या मुलीला सिकल आहे."

हे सांगितलं की लोक सहसा गप्प होतात. तिनं फाइल मिटली. मग वेगळ्याच आवाजात बोलली, "मॅम, मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही आत गेल्या की डॉक्टर मॅडमना विचारा. पण नक्की विचारा."

मी आत गेल्यावर विचारलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "इथे येणाऱ्या बाकीच्यांना मी सांगते, गरज नाही. बाळाचं रक्त त्याच बाळाच्या कामी येण्याची वेळ फार क्वचित येते. तुमची गोष्ट वेगळी आहे. त्या रक्तात नवीन रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात. लहान्याचं रक्त मोठीशी जुळलं, तर तिला ते देता येऊ शकतं."

"जुळण्याची शक्यता किती?"

"सख्ख्या भावंडांत चारात एक."

मला हसू आलं. मॅडमनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "काही नाही. हा हिशोब ओळखीचा आहे."

पुढचंही त्यांनी लपवलं नाही. नाळेतून रक्त कमी निघालं तर तेवढ्यावर भागत नाही. जुळलं तरी मोठ्या शहरात कित्येक महिने राहावं लागतं, आणि त्या उपचारात जिवाला धोकाही असतो. हे सगळं मी घरी जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो नुकताच मिलमधून आला होता, केसांत भाताचा कोंडा तसाच होता. पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"करून टाकू," तो म्हणाला.

"चारात तीन वेळा जुळत नाही."

"काऊन तू तीनच मोजून राहिली? एक मोज ना."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. राग यायलाही ताकद लागते. या आजारावर आम्ही काय काय करून पाहिलं होतं. झाडपाल्याचं औषध देणारा एक माणूस होता, त्याच्याकडे सहा महिने गेलो. कोणी बीटचा रस सांगितला, कोणी गव्हांकुराचा. प्रत्येक वेळी मोठी तोंड वाकडं करून प्यायची आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसायचो. मला आता आशेचंच ओझं व्हायला लागलं होतं. त्याला ते कसं सांगायचं?

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जन्माले यायच्या आधीच त्या लेकराले कामाले लावून राहिले तुम्ही."

"आई, त्याला काही दुखत नाही. नाळ कापल्यावर काढतात."

"मंग मायले दुखते?"

"नाही, मलाही नाही."

"कोणालेच दुखत नाही, अन् त्याचा गुण येते म्हणते?" असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा उचललं.

एप्रिलमध्ये रक्त जमा करणाऱ्या त्या कंपनीचा खोका आला. आत थर्माकोल, रक्ताची पिशवी, नळ्या, लेबलं. तो फ्रिजमध्ये ठेवायचा नव्हता आणि उन्हाच्या झळा लागतील अशा जागीही नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये झळा न लागणारी जागा म्हणजे कूलरची एकच खोली, आणि तिथे मोठी झोपायची. तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर खोका ठेवला. यात काय आहे, असं तिनं बापाला विचारलं, आणि बापानं सांगून टाकलं, "बाळ तुझ्यासाठी औषध घेऊन येऊन राहिलं. ते यात भरायचं."

त्यावरून मात्र मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तोवर मोठीचं वर्गात सगळ्यांना सांगून झालं होतं. रोज संध्याकाळी माझ्या पोटाला तोंड लावून ती बाळाला सांगायची, विसरू नको.

दिवस भरायला तीन आठवडे होते. बुद्ध पौर्णिमेच्या मिरवणुकीत मोठी मैत्रिणींसोबत चालली, पाणी कमी प्यायली असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मांड्या दुखायला लागल्या. आठ वाजता नवरा तिला गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. दहा वाजता मी भाजी चिरत होते आणि माझं पाणी गेलं.

मी नवऱ्याला फोन लावला. तिकडे मोठीचं रडणं ऐकू येत होतं. पाणी गेल्याचं मी सांगितलं.

"तू येऊ नको," मी म्हणाले. "तिच्याजवळ राहा. आई आहेत माझ्यासोबत."

सासूबाईंनी कपड्यांची पिशवी माझ्याकडे दिली आणि खोका स्वतः उचलला. ऑटोत त्यांनी तो मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरला होता. रस्ता उखडलेला होता. "हळू चालव बापा," त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या, "औषध आहे." मी बाजूला कळा सोसत होते. माझ्यासाठी हळू चालव असं त्या म्हणाल्या नाहीत हे माझ्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

साडेबाराला बाळ झालं. फार वेळ लागला नाही. मला कात्रीचा आवाज ऐकू आला, मग सिस्टर पायथ्याशी वाकून पिशवी खालीवर हलवताना दिसली. मी विचारलं, "किती आलं?"

मॅडमनी आधी बाळाला उचलून धरलं. मग म्हणाल्या, "मुलगी झाली."

आजही हे आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. बाळ रडत होतं, आणि मुलगा की मुलगी, ठीक आहे की नाही, हे विचारायच्या आधी मी रक्त किती आलं ते विचारलं होतं. मॅडमनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. गरम होती, ओली होती, आणि तिचं माझ्याकडे काहीच मागणं नव्हतं. थोड्या वेळानं मॅडम स्वतःच म्हणाल्या, "रक्त बरं आलं. फार नाही, पण बरं."

दुपारी कंपनीचा माणूस आला, खोका बंद करून सही घेतली आणि नागपूरच्या गाडीनं निघून गेला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. मग त्या डबा घेऊन मोठीच्या दवाखान्यात गेल्या, तिथून परत माझ्याकडे आल्या. तीन दिवस त्यांचं हेच चाललं. तिसऱ्या दिवशी मोठीला सुट्टी मिळाली आणि बाप तिला कडेवर घेऊन आला. सात वर्षांची पोर, पण चालायला तयार नव्हती. तिनं बाळाकडे बराच वेळ पाहिलं.

"दिलं का हिनं औषध?"

"दिलं," मी म्हणाले.

जुळतं की नाही याचा रिपोर्ट दीड महिन्यानं यायचा होता. पावसाळा लागला. एक दिवस नवरा मिलमधून आला आणि बंद पडून असलेला कूलर उघडून साफ करत बसला. दुसऱ्या दिवशी मोरीचा नळ दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी तो माळ्यावरचं सामान उतरवायला लागला, तेव्हा मी बाळाला पाजत पाजतच विचारलं, "आलं ना उत्तर?"

"हो."

"जुळत नाही म्हणतात?"

"नाही." तो शिडीवरून उतरला आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला. "अर्धं जुळते म्हणे. अर्ध्यानं नाही भागत."

मी त्याचा हात धरला. तो रडला नाही, मीही नाही. पण एक गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली नाही, आजपर्यंत सांगितलेली नाही. माझ्या अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता मोठ्या शहरात जायचं नाही, अनोळखी वॉर्डात महिनोन् महिने बसायचं नाही, तिच्या जिवाचा धोका पत्करायचा की नाही हे ठरवायचं नाही. आपल्या लेकीचं औषध हुकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी किती थकले होते, ते मला त्या दिवशी कळलं.

मोठीला सांगावंच लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाळण्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "मग ही कायले आली?"

मी पाळण्याला झोका दिला. नवरा उठून बाहेर गेला. सासूबाई लसूण सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"तुह्यासंग भांडाले," त्या म्हणाल्या.

आणि खरंच, वर्षभरात दोघींची भांडणं सुरू झाली. लहानी आता चार वर्षांची आहे. मोठीच्या वह्या फाडते, तिचा कंगवा लपवते. मोठीच्या रोजच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी दुखणं पूर्वीपेक्षा कमी उठतं. ते रक्त रिपोर्टनंतर अजून दोन वर्षं कंपनीच्या बँकेत होतं. दरवर्षी कागद यायचा, पुढे ठेवायचं का. नवरा म्हणायचा, राहू दे. मॅडम म्हणायच्या, आता अर्थ नाही. शेवटी एका रविवारी मी बंद करण्याचा फॉर्म भरला. कारण लिहायच्या रकान्यात लिहिलं, जुळले नाही. नवऱ्यानं न वाचता सही केली आणि मुलींना घेऊन बाजारात गेला. मी दार लावून झोपले.

गेल्या हिवाळ्यात मोठीच्या शाळेची सहल नवेगावच्या तलावावर जाणार होती. थंडीत तिला त्रास होतो, म्हणून मी नाही म्हटलं. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या वर्गशिक्षिकेला भेटले, गोळ्या, पाण्याची बाटली, दोन स्वेटर, कुठं दुखलं तर काय करायचं, सगळं कागदावर लिहून दिलं. मी स्वतः शिक्षिका आहे. असा कागद हातात पडला की आम्ही मनात काय म्हणतो ते मला माहीत आहे. ती बिचारी फक्त "हो मॅडम" म्हणाली.

मोठी गेली. संध्याकाळी परत आली ती गाल लाल झालेले, आवाज बसलेला. दोन दिवसांनी पाय दुखायला लागले आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. सलाइन लावलेला हात उशीवर ठेवून ती मला सांगत होती, तलाव केवढा आहे, पलीकडचा काठ कसा दिसतच नाही, पाण्यावर पक्षी किती होते. मग म्हणाली, "मम्मी, पुढच्या वर्षी परत नेणार आहेत. मी जाईन."

मी तिचे तळपाय चोळत होते. पाहू म्हणाले.