ताईच्या खटल्याला किती न्यायाधीश लागतात

माझ्या भावाने आमच्या थोरल्या बहिणीला फसवलं. भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं, त्याने ताटात साडी घातली, आणि त्याच आठवड्यात घराच्या टॅक्सचं काम आहे असं सांगून तिला रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. ताई तीच साडी नेसून गेली होती. साडी त्याने माझ्याच दुकानातून नेली होती, वर घासाघीस करून.

ताईला वाचता येत होतं. पण भावाच्या हातातला कागद वाचून बघणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं आमच्या घरात मानतात. बहिणींनी साडीचोळीवर हिस्सा सोडावा हीही आमच्याकडची रीत. मी ती मानली नाही. वडील गेले त्याच वर्षी भावाशी भांडून मी माझा हिस्सा वसूल केला आणि धरमपेठेत दुकान घेतलं. त्याआधी कित्येक वर्षं उमरेडहून एसटीने साड्यांचे गठ्ठे आणून दारोदार विकले होते. कुठे अडून बसायचं आणि कुठे उठून चालायला लागायचं, हे मला त्या धंद्याने शिकवलं. ताईला कोणी शिकवलं नव्हतं.

तिचा नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. ती प्रताप नगरच्या वडिलांच्या घरी परत आली आणि मागच्या दोन खोल्यांत राहून तिने वडिलांचं शेवटपर्यंत केलं. सही झाल्यावर भावाने त्या खोल्यांना कुलूप घातलं. ती माझ्याकडे एक पिशवी घेऊन आली. तिला घर विकायचं नव्हतं, भाडं नको होतं. त्या दोन खोल्यांत परत जायचं होतं, एवढंच.

खालच्या कोर्टात आम्ही हरलो. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जिंकलो. त्या दिवशी घरी येताच ताईने जुने पडदे धुवायला काढले. पडदे वाळायच्या आत भाऊ दिल्लीला, सगळ्यांत वरच्या कोर्टात गेला, आणि तिथून एक ओळ आली: पुढचा हुकूम होईपर्यंत परिस्थिती आहे तशीच ठेवावी. म्हणजे कुलूप तसंच.

तेव्हापासून त्या कोर्टात न्यायाधीश किती, मंजूर किती, रिकाम्या जागा किती, हे मी साड्यांच्या भावासारखं तोंडपाठ ठेवायला लागले. मागे एकदा तिथली संख्या वाढवली तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. आमच्या वकिलांनाही नेऊन दिले.

"काकू, पेढे कशाचे?"

"माणसं वाढली ना. आता रांग सरकेल."

वकिलांनी पेढा खाल्ला आणि काही बोलले नाहीत. मला राग आला, पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. कारण त्याच वर्षी मी दुकानात साड्या दाखवायला दोन मुली वाढवल्या होत्या. वाटलं होतं, गिऱ्हाईक लवकर मोकळं होईल. झालं उलटंच. दाखवणारं माणूस मोकळं दिसलं की बाया म्हणायच्या, "अजून दाखवा." गादीवर साड्यांचा ढीग पडायचा आणि विक्री होती तेवढीच. दिल्लीतही तसंच झालं. न्यायाधीश वाढले, फायली त्याहून वाढल्या. ताईची फाईल ढिगाच्या तळाशी. तारीख लागायची, नंबर यायचा नाही. संध्याकाळी ताई विचारायची, "काय झालं वं?" मी म्हणायचे, "आपली केस पोहोचली नाही."

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या एका सभागृहात याच विषयावर दोन ज्येष्ठ वकिलांची चर्चा होती: देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश वाढवावेत की नाही. ताईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी ती आली. पहिले वकील म्हणाले, एवढ्या मोठ्या देशाला ही संख्या कशी पुरणार, ती दुप्पट करा. दुसरे म्हणाले, संख्या वाढवाल तर जो तो दिल्लीला पळेल. घरादाराची भांडणं हायकोर्टातच संपली पाहिजेत. दोघांनाही टाळ्या पडल्या. मीही दोघांना वाजवल्या. दोघंही खरंच बोलत होते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर ताई उठली. माईक तिने दोन्ही हातांनी धरला.

"मी हायकोर्टात जिंकली हाओ साहेब. तुम्ही जज वाढवले तर माहा नंबर कधी लागन?"

पहिले म्हणाले, "आई, आज वाढवायचं ठरलं तरी नेमणुका व्हायला, जुनी प्रकरणं उपसायला काही वर्षं जातील."

ताई दुसऱ्यांकडे वळली. "अन् नाही वाढवले तर?"

ते हसले. "तरी काही वर्षं."

"मंग तुमी भांडून काहून राहिले?"

सभागृह खो खो हसलं. दोघं वकीलही हसले. मला मात्र डोक्यात तिडीक गेली. मी ताईच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. तुमची चर्चा चालते तोवर माझा भाऊ जिंकतोय. त्याला निकाल नकोच आहे. त्याला वेळ हवा आहे, आणि तो त्याला फुकट मिळतोय." सूत्रसंचालक म्हणाला, मॅडम, वैयक्तिक प्रकरणावर बोलू नका. नंतर सगळ्यांना चहा मिळाला.

रिक्षात ताई म्हणाली, "तू उगाच भडकतं वं. त्याहीच्या हातात काय हाय?"

"मग कोणाच्या हातात आहे?"



मृत्युपत्र कर, असं मी तिला चार वेळा म्हटलं होतं. प्रत्येक वेळी ती उसळायची. "मले आत्ताच मारून राहिली काय? निकाल लागू दे, मग करतो." गिऱ्हाईकाला मी तासभर बसवून ठेवू शकते, पण तिला नोटरीपर्यंत नेऊ शकले नाही. उन्हाळ्यात ती माझ्या घरीच वारली. शेवटच्या आठवड्यात ती प्रताप नगरचं नाव काढत नव्हती, आणि मला ते तिच्या रडण्याहून वाईट वाटलं.

तेराव्यानंतर वकिलांनी बोलावलं. प्रकरणात तिचे वारस लावावे लागणार होते.

"तिला कोण आहे माझ्याशिवाय?" मी म्हटलं.

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "काकू, मूल नसलेल्या बाईला वडिलांकडून मिळालेली मिळकत पुन्हा वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे तुम्ही. आणि तुमचा भाऊ."

ज्याने तिचा हिस्सा लुबाडला, तोच तिचा वारस. आता तो हरला तरी तिच्या हिश्श्यातलं अर्धं त्याचंच. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, पाण्याचा पेला सांडला. ते म्हणाले, कायदा असाच आहे. न्यायाधीश कितीही असते तरी असाच असता.

वाढवा संख्या, नाहीतर वाढवू नका. मी आता पेढे वाटणार नाही आणि चर्चेलाही जाणार नाही. भावाकडून मला उत्तर नको, तो काय आहे हे मला माहीत आहे. मला त्या माणसाकडून हवं आहे ज्याने दिल्लीत ती एक ओळ लिहिली. कुलूप ठेवायला तुम्हाला मिनिटभर मिळालं होतं. ती जिवंत असताना ते काढायला मिनिटभर का मिळालं नाही? माझ्यासमोर बसा आणि सांगा.